यमुनाचा बिनसंवादाचा प्रवेश

यमुनाला मी दहापैकी दोन मार्क दिले होते.

काल सूर्यमाळला, तिच्या गावी, ती वारली. कावीळ अंगावर काढली. वय बेचाळीस.

मी जव्हारला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे. ती बारावीला होती. नाटकाचे घटक शिकवून झाले. कथानक, पात्रं, संघर्ष, संवाद, रंगसूचना. मग वर्गाला एकेक प्रवेश लिहायला दिला.

यमुनाने अर्धं पान लिहिलं. नुसत्या रंगसूचना.

'उन्हाळा. विहीर. हंड्यांची रांग. एक बाई येते, हंडा शेवटी ठेवते. बाकीच्या बघतात. एकेक हंडा मागे सरकतो. सगळ्यात पुढचीचा हात हंड्यावर थांबतो. मग तीही मागे घेते. बाई पाणी भरून जाते.'

संपलं.

मी लाल पेनाने लिहिलं, संवाद नाहीत. संघर्ष कुठे आहे?

वर्गात उभं करून विचारलं, हंडे मागे का घेतात?

"तिच्या घरी मयत झालंय, मॅडम. आंघोळीला पाणी लागतं ना."

मग ते कुणाच्या तरी तोंडी घाल, म्हटलं.

"तिथं कोण बोलत नाय. तुम्ही कधी रांगेत उभ्या नाय राहिल्या वाटतं."

वर्ग हसला. मला राग आला. साहित्य वाचायचं असतं, जे लिहिलं नाही ते नाहीच, असं सुनावून तिला खाली बसवलं.

गॅदरिंगला हा प्रवेश करायची तिची फार इच्छा होती. मी तो यादीतून काढून टाकला.

मागच्या दिवाळीत एसटी डेपोत भेटली. अंगणवाडी सेविका झाली होती. काही लिहितेस का, सहज विचारलं.

"नाय मॅडम. मला संवाद जमत नाय."

टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं.

काल पोचले तेव्हा घरात पाणी नव्हतं. तिची मुलगी हंडा घेऊन निघाली. मी सोबत गेले.

विहिरीच्या तळाशी जेमतेम पाणी. पोरीने हंडा रांगेत शेवटी ठेवला.

कोणी काही बोललं नाही. एकेक हंडा मागे सरकू लागला.

सगळ्यात पुढे जी होती, तिच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर होतं. पहाटेपासून बसली असणार.

तिचा हात हंड्यावर थांबला.

मग तिनेही हंडा मागे घेतला.

संघर्ष कुठे आहे, हे मी तुला विचारलं होतं.

यमुना, चूक माझी होती.

तुझ्या मॅडमचा तुला शेवटचा नमस्कार.