आक्रचा शेवटचा बुरूज

“एका ओळीत किल्ला पडत नाही,” शेजारच्या काकू म्हणायच्या आणि हातातलं उलथनं ओट्यावर आपटायच्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता. मुलाकडे अमेरिकेत पार्सिपनीला आल्या, तरी पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्यावरचा त्यांचा राग गेला नव्हता: ‘१२९१ साली आक्र पडले.’ क्रुसेडच्या धर्मयोद्ध्यांचा समुद्रकाठचा शेवटचा मोठा किल्ला, आणि त्याची एवढीच बोळवण.

२००४च्या दिवाळीत त्यांनी आमच्या दोन घरांमधल्या सामाईक हिरवळीवर आक्रच बांधलं. तांबडी माती, निळ्या ताडपत्रीचा समुद्र, तटावर पेरलेले अळीव. फराळाला येणारा प्रत्येक जण विचारी, महाराज कुठे आहेत? हा त्यांचा किल्ला नाही, असं त्या शांतपणे सांगायच्या. मी एकदा विचारलं, हरलेल्यांचा किल्ला कशाला? तर म्हणाल्या, तट त्यांनीही हातांनीच रचले होते.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. हिरवळीवरचं विनापरवाना बांधकाम दोन दिवसांत हटवा. बांधकाम गुडघ्याएवढं! मुलगा व्हिसावर, त्यात स्वभावाने भित्रा. “आई, प्लीज, उगाच इश्यू नको करूस. मी रिमूव्ह करतो.”

“शहर पडलं तरी शेवटचा बुरूज दहा दिवस लढत होता,” काकू म्हणाल्या. “ते दहा दिवस मी सोडणार नाही.”

तट त्यांनी स्वतः पाडले, हिरवळ झाडून काढली. समुद्राकडचा बुरूज मात्र पत्र्यावर उचलून दारातल्या पायरीवर नेऊन मांडला. पत्रात हिरवळ म्हटलंय, पायरी नाही, हा त्यांचा मुद्दा. असोसिएशनचा माणूस तपासायला आला, बुरुजाकडे बघत राहिला, हातावर ठेवलेली चकली खाऊन निघून गेला. रोज सकाळी काकू शाल गुंडाळून बुरुजाशेजारी बसायच्या. मला हसू यायचं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटायचा.

अकराव्या दिवशी त्यांनीच त्यावर बादलीभर पाणी ओतलं. जानेवारीत त्या परत गेल्या. उन्हाळ्यात साताऱ्याहून फोन आला, काकू झोपेतच गेल्या. मला फार एकटं वाटलं.

मुलगा दिवस करून परतला तेव्हा दाराला असोसिएशनचं पत्र लावलेलं होतं: पायरीवरचा तांबडा डाग धुवा. मी ब्रश आणि बादली घेऊन मदतीला गेले. तो पायरीवरच बसला होता.

“ताई, मी नाही धुणार,” तो म्हणाला, आणि सरकून मला बसायला जागा केली.