लाल बटण कोणी दाबलं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — पण सांगतो.

मी सोलापुरातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. अंगानं धिप्पाड, आवाज खणखणीत. शिट्टी वाजवली की अख्खं मैदान गप्प होतं. असा माणूस कशाला घाबरेल, असं सगळ्यांना वाटतं. मीही वाटू दिलं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीआधी, आम्ही शाळेतले पाच जण होटगी रोडवरच्या एका एस्केप रूममध्ये गेलो. मुख्याध्यापकांची हौस. खोलीत बंद करतात, कोडी सोडवून तासाभरात बाहेर पडायचं. आम्ही घेतली ती नवशिक्यांची, सगळ्यांत सोपी. दाराजवळ लाल बटण होतं — कोणाला त्रास झाला तर दाबा, दार लगेच उघडेल, असं तिथल्या मुलीनं आधीच सांगितलं होतं.

सोबत कोळेकर बाई होत्या. माढ्याकडच्या, शाळेत वीस वर्षं झालेल्या. कोडी सोडवण्यात त्याच पुढं. त्यांनी एक पेटी उघडली आणि दिवे गेले. तो खेळाचाच भाग होता, हे मला कळत होतं — पण कळून काय उपयोग? भिंती जवळ येतायत असं वाटलं. श्वास आत जाईना. मी चाचपडत दाराशी गेलो आणि —

दार उघडलं, दिवे लागले. कोणी दाबलं, मुख्याध्यापकांनी विचारलं. बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

मी म्हणालो, "बाई घाबरल्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बटणावरून माझा हात निघताना त्यांना दिसला असणार. मग हळूच म्हणाल्या, "व्हय, मला लई भ्या वाटलं."

सगळे हसले. मीही हसलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर? नाही थांबलं. जानेवारीत मुलींचं शिबिर होतं. बाई दोन महिने त्याची तयारी करत होत्या. बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, खोलीत घाबरणाऱ्या बाईंच्या भरवशावर मुली कशा पाठवायच्या? दुसऱ्या एका बाईंबरोबर त्यांनी माझं नाव घातलं. मी समोरच बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण लोक हसतील — या भीतीनं माझी जीभच उचलली नाही. त्या अंधारातही मी इतका घाबरलो नव्हतो.

निघायच्या सकाळी बाई फाटकाशी आल्या. कोणाला गाडी लागते, कोणाला दुपारची गोळी द्यायची, कोण घरच्या आठवणीनं रडते — सगळं कागदावर लिहून आणलं होतं. मी कागद घेतला. त्या बसच्या एकेका खिडकीपाशी थांबून मुलींशी बोलत राहिल्या.

अजूनही वेळ होता. मी पुढच्या सीटवर बसलो आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.