रोहण्याच्या मशिनी आणि माझा ठराव

रोहण्याला मी निघाले ती भांडायला. प्रवासाला निघण्याचं हे कारण काही फार शोभिवंत नाही, पण खोटं कशाला बोलू? पुण्याहून संध्याकाळच्या गाडीत चढले तेव्हा डोक्यात एकच विचार होता, की त्या माणसाला समोर बसवून दोन शब्द सुनवायचे आणि परतीची गाडी पकडायची.

आधी मी कोण ते सांगते. पुण्यात एका कंपनीत मी प्रोग्रॅमर आहे. ते पगाराचं काम. बिनपगारी काम म्हणजे ‘टिकाव’. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या संगणकांवर चालणारी ही एक मुक्त प्रणाली आहे. ती कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. तिला मालक नाही. ठिकठिकाणी विखुरलेली आम्ही पंधरा-एक माणसं ती सांभाळतो. प्रत्येक भागाला नियमानं दोन राखणदार असतात. अगदी जुन्या, पंधरा-अठरा वर्षांपूर्वीच्या संगणकांवर चालणाऱ्या आवृत्तीची मी एकटीच उरलेली राखणदार. आणि ही आवृत्ती आता बंद करावी, असा ठराव मांडणारीही मीच. कारण साधं होतं: ती कोणी डाउनलोडच करत नव्हतं. नसलेल्या माणसांसाठी मी माझे रविवार का घालवायचे?

ठरावाला विरोध करणारा एकच निघाला. त्याच्या खात्याचं नाव ‘रोहणा’. हा गृहस्थ दोन वर्षं आमच्या तक्रारपेटीत मराठीत लिहीत होता. कधी नम्रपणे, कधी तिरसटपणे, कधी एकाच दिवशी तीनदा. माझी खात्रीच झाली होती की हा कुणी रिकामटेकडा आहे. मी त्याच्या तक्रारी एकेक करून बंद करत गेले. शेवटी त्यानं ठरावाखाली लिहिलं, ‘विहाराची अभ्यासिका, रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. एकदा येऊन पाहा, मग बंद करा.’

माझं डोकं सणकलं. निर्णयाची बैठक रविवारी संध्याकाळी पाचला होती. ‘शनिवारी येते’ असं ठरावाखाली लिहून मी शुक्रवारी रजा टाकली.

शनिवारी सकाळी पुलगावला उतरले. स्टेशनबाहेर गरम आलुबोंडा खाल्ला, आर्वीची एसटी पकडली आणि खिडकीला डोकं टेकवून भांडणाची उजळणी करता करता चक्क झोपले. जाग आली तेव्हा कंडक्टर समोर उभा होता.

“रोहणा मागं गेलं न जी. दोनदा आवाज देल्ला. आता आर्वीले उतरा अन् वापस या.”

आर्वीत कापसाचा हंगाम सुरू होता. पांढरे डोंगर लादलेले ट्रॅक्टर बाजार समितीच्या दिशेनं रांगेत उभे, आणि रस्त्याच्या कडेला सरकीसकट उडालेला कापूस. परतीच्या बसला वेळ होता म्हणून डेपोत बसून लॅपटॉप उघडला, तर तो सुरूच होईना. चार्जर लावला, तरी ढिम्म. सहा महिन्यांपूर्वी घेतलेला, बोटाएवढा जाड, महागडा लॅपटॉप. उद्याची बैठक त्यावरूनच करायची होती.

डेपोसमोर एका दुकानावर पाटी होती: मिक्सर, मोटार, कॉम्प्युटर. आत बंडूभाऊ नावाचे गृहस्थ पाणबुडी मोटारीची तार गुंडाळत बसले होते. घरची कापडाची पेढी भावाकडे सोडून यांनी हा उद्योग मांडला, असं त्यांनीच मागाहून सांगितलं. त्यांनी माझा लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, चष्मा वर सरकवला.

“मॅडम, याले स्क्रूच नाई. उघडू कुठून? पुरं चिकटवून ठेवलं आहे. हे बिघडलं की फेका, असंच बनवलं त्यानं.”

“मग काही होणार नाही?”

“याचं नाई. माह्या जवळच्या त्या डब्ब्याचं होते.” त्यांनी कोपऱ्यातल्या एका पिवळट पडलेल्या संगणकाकडे बोट दाखवलं. “चारदा मेली थे मशीन. चारदा उभी केली. पार्ट जळला तर मी पाहून घेतो. पण मशीन चांगली ठणठणीत असते अन् वरून कंपनी म्हणते की आता हे चालणार नाई, तवा मले लय राग येते. मशीन मेली नाई, कंपनीनं मारली.”

त्या पिवळट संगणकाच्या पडद्यावर ‘टिकाव’ चालू होतं. माझी आवृत्ती. मी जिला मूठमाती द्यायला निघाले होते ती.

मी कोण ते न सांगता विचारलं, “हे कुठून डाउनलोड केलंत?”

“डाउनलोड कायले करू? रोहण्याची कुंदाताई एकदा उतरवते, मग साऱ्याईले कॉपी करून देते. मले भेटलं की मी पुढं देतो. गिरडले दर्ग्याच्या टेकडीखाली माह्या साळ्याचं फोटोचं दुकान आहे, त्याच्याकडेही हेच चालू आहे.”

त्यांनी चहा मागवला. तो मी कसाबसा प्यायले. डाउनलोड एक, आणि पुढे कॉपी किती, हे कुणालाच ठाऊक नाही. आम्ही मात्र दर महिन्याला डाउनलोडचा आलेख काढून माना डोलावत होतो. इतकी शिकलेली माणसं, पण कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

रोहण्याला उतरले तेव्हा दुपार कलली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) फुटून पांढरी झाली होती आणि तुरीवर पिवळी फुलं होती. पूर्वी पुलगावहून आर्वीला छोटी रेल्वे जायची, तिचं इथं स्टेशन होतं. ती आता धावत नाही. विहार गावाच्या कडेला आहे. पुढे पिंपळ, आत बुद्धमूर्ती, आणि शेजारच्या लांबट खोलीत अभ्यासिका.

दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या. पांढरी साडी, चष्म्याला दोरी.

“तुमीच का जी थ्या? आमच्या तक्रारी बंद करून टाकणाऱ्या?”

“हो. आणि ‘रोहणा’ कुठे आहे? त्याला बोलवा.”

“पहिले पाणी प्या. मग भांडू.”

या कुंदाताई. गावच्या पोस्टात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला आत नेलं. आठ संगणक, प्रत्येकावर शिवलेली सुती खोळ. त्यातल्या दोन संगणकांवर मुली मराठी टायपिंग करत होत्या. त्यातली प्रांजली दिवसभर कापूस वेचून आली होती, बोटांना बोंडांचे ओरखडे. जानेवारीत तिची टायपिंगची सरकारी परीक्षा होती. ते प्रमाणपत्र असल्याशिवाय क्लार्कच्या नोकरीचा अर्जच भरता येत नाही. टायपिंगचा क्लास आर्वीला, आणि वेचणी सोडून रोज आर्वीला जाणं या मुलींना शक्य नाही.

“तुमची आवृत्ती बंद झाली,” कुंदाताई म्हणाल्या, “की नवीन फॉर्मची वेबसाइट यावर उघडणार नाई. मंग या मशिनी भंगारात जातीन, अन् पोरी घरी बसतीन. एवढंच आहे आमचं भांडण.”

“आणि ‘रोहणा’?”

“रोहणा म्हंजे कोणी एक माणूस नाई न जी. विजयादशमीले आमी नागपूरले दीक्षाभूमीवर जातो. गावोगावचे लोक येतात, पुस्तकं घेऊन जातात. मी पेनड्राइव नेतो. ज्याईच्या अभ्यासिकेत जुनी मशीन असन, त्याईले एकेक देतो. मंग काही अडलं, की सारे याच नावानं लिहितात.”

“प्रत्येकानं वेगळं खातं काढायचं ना.”

“कायले? साऱ्याईचं अडलेलं एकच. आमचं विहाराचं निवेदनही एकाच नावानं जाते.”

मी म्हटलं, “निदान एकदा सांगायचं तरी, की तुम्ही इतके जण आहात.”

“सांगतलं न. एकोणीस वेळा. तुमी एकोणीस वेळा बंद केलं.”

मला लाज वाटली. अगदी कान तापेपर्यंत. ज्याला मी रिकामटेकडा म्हणत होते ती दिवसभर राबून संध्याकाळी की-बोर्डवर बसणारी माणसं होती. कंपन्या म्हणतात ना, ‘असे ग्राहक आता उरलेच नाहीत’, अगदी तसंच मीही म्हणाले होते, आणि तेही फुकटात.

त्या संध्याकाळी मी कुंदाताईंची कामाची पद्धत पाहिली. नवीन आवृत्ती आली की ती एकाच मशीनवर चढवायची. पंधरा दिवस सगळ्यांनी पाळीपाळीनं त्यावर बसायचं. जे अडेल ते चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवायचं. चिठ्ठ्या संपल्या की मगच कॉपी वाटायची. आणि एक मशीन कायम मागच्या आवृत्तीवर ठेवायची, बियाणं राखून ठेवतात तशी. आमच्यात इतकी शिस्त कधीच नव्हती. आम्ही शनिवारी घाईनं सोडून द्यायचो आणि सोमवारी शिव्या खायचो.

मुक्काम कुंदाताईंकडेच केला. ज्वारीची भाकर, चून (पिठलं) आणि जवसाची चटणी. चटणीवर त्यांनी कच्चं तेल ओतलं आणि मी तीन भाकरी खाल्ल्या. एरवी माझी मजल एकीपलीकडे जात नाही.

रविवारी सकाळी मी म्हटलं, “ताई, आज सगळ्यांना आपापल्या नावानं लिहायला सांगा. संध्याकाळी पाचला, ठरावाखाली. फक्त गावाचं नाव आणि ‘हजर’.”

“आज रविवार. कोणी वावरात असन, कोणी लग्नात.”

“बघा प्रयत्न करून.”

कुंदाताई दुपारभर फोनवर होत्या. किती जण ऐकतील याची त्यांनाही खात्री नव्हती.

पाचला बैठक सुरू झाली. आमच्या बैठका लिहूनच होतात. माझा लॅपटॉप पिशवीत मेलेला, म्हणून मी तिसऱ्या मशीनवर बसले. नेट कुंदाताईंच्या मोबाइलचं. प्रांजली शेजारी, बाकीच्या मुली पाठीमागे उभ्या. मी लिहिलं, ‘माझा ठराव मी मागे घेते. मी चुकले होते. हे मी ज्या संगणकावरून लिहितेय, तो आपल्या आलेखाप्रमाणे अस्तित्वातच नाही.’

बैठक चालवणारा आमचा बंगळूरचा सहकारी, माणूस चांगला, पण नियमावर बोट ठेवणारा. त्यानं लिहिलं, ‘भावनेच्या भरात बोलू नकोस. वापरणारे कुठे आहेत? आणि प्रत्येक आवृत्तीला दोन राखणदार लागतात. तू एकटी आहेस.’

मी उत्तर लिहीत होते तेवढ्यात ठरावाखाली एक ओळ आली. ‘आर्वी हजर.’ ते बंडूभाऊ असणार. मग पाच मिनिटं काहीच नाही. मग ‘गिरड हजर’. मग एक गाव, आणखी एक, मग एकदम तीन. काही नावं मी कधी ऐकलीही नव्हती. एकानं ‘हजर’च्या पुढे लिहिलं होतं, ‘वावरातून’.

‘हे सगळे कोण आहेत?’ बंगळूरनं विचारलं.

मी लिहिलं, ‘डाउनलोड न करणारे.’

“काय म्हणून राह्यले थे?” कुंदाताईंनी विचारलं. मी सांगितलं, की माणसं दिसली, पण दुसरा राखणदार हवा म्हणतात.

“माहं नाव लिहा. पत्त्यासकट.”

मी लिहिलं. लगेच प्रश्न आला, ‘या प्रोग्रॅमर आहेत का?’

“सांगा, नाई म्हणावं. मी पोस्टात होतो. पाठवलेलं पोचलं का नाई, एवढं मले पाहता येते.”

मी ते जसंच्या तसं टाइप केलं, एक अक्षर न बदलता. मग मतं येऊ लागली. एक विरोधात, दुसरंही विरोधात. नंतर बाजूनं आली, एकापाठोपाठ. काठावर का होईना, पण निर्णय झाला: जुनी आवृत्ती चालू राहील, आणि तिच्यातला कोणताही बदल रोहण्याच्या होकाराशिवाय बाहेर पडणार नाही. प्रांजलीनं मला खुर्चीवरून उठवलं. तिची टायपिंगची वेळ झाली होती.

सोमवारी पुलगावच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मला कळेना, की मी जिंकले की हरले. भांडायला आले होते आणि ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच बाजूनं भांडून परत चालले होते. पण एक गोष्ट पक्की झाली. एखादी वस्तू जुनी झाली, हे ती विकणाऱ्यानं ठरवायचं नसतं. तो ठरवणार असेल, तर मी ऐकणार नाही. ती जो वापरतो त्यानं ठरवावं. आणि वापरणारा आपल्या आलेखात दिसत नसेल, तर आलेख फाडून टाकावा.

पुण्यात आल्यावर पंधरा दिवस खपून मी जुन्या मशिनींसाठी नवी आवृत्ती तयार केली. जीव ओतून, प्रत्येक ओळ दोनदा तपासून. रोहण्याला पाठवली आणि शाबासकीची वाट बघत बसले. चौथ्या दिवशी कुंदाताईंच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावरून उत्तर आलं: ‘प्रांजलीच्या मशीनवर अटकून राह्यलं. मी होकार देत नाई. पुन्हा करजो.’

मी रविवारचे सगळे बेत रद्द केले आणि कामाला बसले.