उकळत्या पाण्यातलं मीठ

सासूबाई गेल्याचं मीच सगळ्यांना फोन करून कळवलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. महिना झाला, अजून रडू आलेलं नाही... ते का, हेच लिहायला बसले आहे.

त्यांची आलूची भाजी सदरपासून कामठीपर्यंत साऱ्या नातलगांत नावाजलेली. तेल तेच, जिरं-लसूण तेच, कढईही तीच. पण मी केली की भाजी पानचट. बटाटे उकडायच्या वेळी त्या मला हमखास बाहेर पिटाळत. कपडे वाळले का बघ, दूध आलं का बघ. आणि पाहुणे जेवायला बसले की म्हणत, "आज सुनेनं केली बरं, लोणचं घ्या संगं." सगळे हसत. माझा नवराही हसे. अकरा वर्षं त्या हसण्यात उभी राहून मी पोळ्या वाढल्या.

मग त्यांचं हृदय थकलं, डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि स्वयंपाकघर माझ्या हाती आलं. शेवटी शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता पथ्य राहू द्या, मागतील ते द्या." हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "एक डाव आलू करून दे वं. सालासकट उकड, अन् पाण्यातच मूठभर मीठ टाक. वरून टाकलेलं जिभेले लागते, आलूच्या पोटात जात नाही. मंग हातानं फोड, कढईच्या तळाले लागू दे."

एवढंच होतं! अकरा वर्षं लपवलं ते मूठभर मीठ.

मी अगदी तशीच भाजी केली. घरातल्यांनी बोटं चाटली. सासूबाईंसाठी मात्र दोन बटाटे वेगळे, अळणी उकडले. पहिला घास त्यांनी तोंडात नुसता घोळवला.

"मीठ काहून नाही टाकलं?"

"डॉक्टर नाही म्हणतात, आई."

लसणाचा वास त्यांच्या खाटेपर्यंत येत होता... त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. कळलं असावं त्यांना. तिसऱ्या दिवशी गेल्या.

लाज वाटते का? वाटते. भाजी करताना नाही वाटत.

परवा नणंदेचा फोन आला. "वहिनी, आईसारखे आलू होतच नाही वं माझे. उकडताना पाण्यात काही टाकत होती का ती?"

"काहीच नाही, ताई," मी म्हटलं. "तुमच्या हातालेच चव नसंल."