तात्यांच्या जिभेवरचा मावा

किस्से म्हंजे पिठ्या ढेकूण. पानाच्या बगलंत एक पांढरा ठिपका दिसला म्हणून चिमटीत धरावा, तर देठाखाली अख्खं खानदान बसलेलं! परवा नातसुनेच्या मनीप्लांटवर एक सापडला, आणि मला कारखान्याच्या कॉलनीतले आम्ही तिघं माळी आठवलो.

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. कॉलनी इंदापूर तालुक्यातली. हेडमाळी तात्या निमगाव केतकीचे, शिरपा पिंपळीचा आणि मी बापू. चौथी नापास, पण खोड्यांत मॅट्रिक! मोठ्या साहेबांच्या व्हरांड्यात क्रोटन, पाम, फर्न अशी कुंड्यांची पलटण उभी. आदला माळी बाईसाहेबांनी एका किडक्या गुलाबापायी घरी पाठवलेला.

आणि आमच्या तात्यांची नजर अधू! माणूस आवाजावरून ओळखायचे, कीड बोटांवरून. हे बाईसाहेबांना कळलं की नोकरी गेली, नोकरीबरोबर राहायची खोली गेली. खोलीत तात्यांची बायको, दम्यानं बेजार झालेल्या काकू. म्हणून आम्ही तिघंही त्या व्हरांड्यात जीव मुठीत धरूनच पाणी घालायचो.

* * *

तात्यांची पद्धत अशी : पानावर बोट फिरवायचं. पिठूळ लागलं तर पिठ्या. चिकट लागलं तर बोट जिभेला लावायचं. गोड लागलं की मावा ही कीड!

एकदा बंगल्याचा आचारी घाईत आला. पाहुणे यायचे होते, गुलाबजामला मावा, म्हणजे खवा, मिळत नव्हता. तेवढ्यात तात्या बोट चाटून ओरडले, "मावा हाय! लई गोड हाय!"

आचारी मला म्हणाला, "कुठं?"

मी म्हणालो, "वाटी घिऊन या, काढून देतो."

बिचारा खरंच वाटी घेऊन आला. मी पान उलटं करून दाखवलं. हिरवी हिरवी बारीक कीड वळवळत होती. आचाऱ्याचा चेहराच उतरला. वाटी हातातून सुटली.

"बापू," तो म्हणाला, "मग परवा शिरपानं वाटीत आणून दिलेला साहेबांनी खाल्ला, तो कुठला?"

* * *

पामच्या देठावर तपकिरी फोडांसारखी खवल्यांची कीड चिकटली होती. मी शिरपाच्या कानात सांगितलं, "पामला देवी आल्यात."

मोलकरणीनं तेवढं 'देवी' ऐकलं. तासाभरात कॉलनीची दारं पटापट बंद! पोरं घरात कोंडली, उंबऱ्याला कडुनिंब लागला. त्या काळी देवीनं घरंच्या घरं रिकामी केलेली लोकांनी पाहिलेली, हसणार कोण? दुपारी देवीची लस टोचणारे डॉक्टर पेटी घेऊन बंगल्यावर हजर.

"रोगी कुठं आहे?"

तात्या हात जोडून म्हणाले, "व्हरांड्यात हाय, साहेब. कुंडीत."

डॉक्टरांनी पाम पाहिला. मग आम्हाला पाहिलं. मग पेटी उघडली. "आलोच आहे, तर रिकाम्या हातानं जात नाही!"

तिघांनाही टोचलं. माझा दंड आठ दिवस भोपळ्यासारखा!

* * *

लाल कोळी तर धुळीएवढा. पान पांढऱ्या फडक्यावर झटकायचं. हलला तो कोळी, पडून राहिली ती धूळ. तात्यांना दिसेना. त्यांनी हळूच विचारलं, "बापू, हलतंय का रं?"

"हलतंय, तात्या! बाहीत शिरलं तुमच्या!"

तात्यांनी हात झटकला आणि क्रोटनची कुंडी धाडकन खाली. आतून बाईसाहेबांच्या चपला वाजायला लागल्या. चेष्टा माझी, पण खोली तात्यांची जाणार होती.

"कुणी फोडली?"

शिरपा घाबरून बोलला, "मांजरीनं! आमचीच हाय, बाईसाहेब."

"मग बांधून ठेवत जा तिला!"

दुसऱ्या दिवशी शिरपाला पिंपळीहून एक मांजर आणून व्हरांड्यात बांधावी लागली!

* * *

माव्यावर औषध म्हणजे तंबाखूचं पाणी. उकळून, गाळून मी किटलीत ओतून ठेवलं होतं. शिरपाला वाटलं, बंगल्यातला उरलेला चहा. एक घोट घेतला, अर्धा थुंकला. अंगाला दरदरून घाम, डोळे पांढरे. तात्या छाती बडवून रडायला लागले.

बऱ्याच वेळानं शिरपानं डोळे उघडले. आम्ही वाकलो. तो पुटपुटला,

"साखर कमी हाय."

* * *

मग एक दिवस पुण्याहून शेतकी खात्याचे साहेब आले. बाईसाहेब शेजारी उभ्या.

"हेडमाळी कोण? या, ही कीड कोणती सांगा. हात लावायचा नाही, बघून सांगायचं."

तात्यांनी पुढं केलेलं बोट मागं घेतलं. आमची खूण ठरलेली. मी एकदा खोकलो तर मावा, दोनदा खोकलो तर पिठ्या. पण त्या दिवशी भीतीनं असा ठसका लागला की थांबेचना! सात-आठ झाले. आठ खोकल्यांची कीड अजून जन्माला यायचीय!

साहेबांनी कंटाळून तात्यांच्या हातात भिंग दिलं. तात्यांनी ते डोळ्याला लावलं, पानावर वाकले, आणि एकदम मागं उडाले.

"आयाय गं! पाय हायेत की ह्याला!"

शेतकी साहेब थंड आवाजात म्हणाले, "म्हणजे आजवर तुम्ही कीड पाहिलीच नव्हती?"

शिरपानं डोळे मिटून घेतले. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

बाईसाहेब म्हणाल्या, "त्यांना दिसत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. कामावर आले त्या दिवशी साहेब समजून त्यांनी ह्या पामला वाकून रामराम घातला होता. पण पाम कसा वाढलाय बघा! भिंग इथंच राहू द्या."

तात्यांनी भिंग लावून पाम वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले,

"आन मी इतकी वर्सं भीत व्हतो, बापू... साहेबांनी माजा रामराम का घेतला न्हाय म्हून!"