एक्केचाळिसाव्या ओळीतलं मायनस

आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे माझ्या आजोबांनीच घराबाहेर काढले होते, त्यामुळे असले अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचले. आता स्वतःच लिहायला बसलेय… हसा खुशाल. पण हसून झाल्यावर कोणी मला हे समजावून सांगितलं तर उपकार होतील.

२००५ साल. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. खिसा, कंबरपट्टी, पाय – प्रत्येक तुकड्याचा पुठ्ठ्याचा पॅटर्न ते स्वतः कापायचे, त्यावर नाव लिहायचे, भोक पाडून खिळ्याला अडकवायचे. कापडावर ठेवताना मात्र नाव खाली आणि कोरी बाजू वर. का, विचारलं तर म्हणायचे, "नाव वर असलं की माणूस वाचत बसतो, रेष हुकते."

त्या वर्षी बाबा अचानक गेले. नवा मास्तर स्वतःचे पॅटर्न घेऊन आला, म्हणून शेठने बाबांचा गठ्ठा घरी पाठवून दिला. सोबत निरोप – "सबसे चालू पॉकेट का पॅटर्न इसमें नहीं है. मास्टर ने किसी को बेच दिया." वीस वर्षं एका जागी काम केलेल्या माणसाबद्दल हे! आईने कारखान्याच्या गल्लीत पाऊल टाकणं बंद केलं. बाजाराला ती लांब कॅम्प एकला जायला लागली.

माझा प्रोजेक्ट होता आकार ओळखणाऱ्या प्रोग्रामचा. कुठल्याही आकारावरून सात आकडे काढता येतात, त्यांना इन्व्हेरियंट मोमेंट्स म्हणतात. आकार फिरवा, सरकवा, लहान-मोठा करा, आकडे जवळजवळ तेच राहतात. जवळजवळ म्हणतेय, कारण एकच पुठ्ठा दोनदा स्कॅन केला तरी शेवटचे दशांश हलतातच. आणि आकार आरशातल्यासारखा उलटा केला, तर फक्त सातव्या आकड्याचं चिन्ह बदलतं.

आकार हवे होते, ते घरातच होते. बाबांचे चाळीस पॅटर्न मी स्टेशनजवळच्या डीटीपीच्या दुकानात स्कॅन केले. नाव वाचून टाइप करायचं असल्यामुळे प्रत्येक पुठ्ठा नावाची बाजू वर ठेवून. तिथल्याच कॉम्प्युटरवर माझ्या प्रोग्रामने सात-सात आकड्यांच्या ओळी छापल्या. चाळीस पॅटर्न… आणि एक्केचाळीस ओळी.

शेवटच्या ओळीला नाव नाही, स्कॅनची फाइल नाही. नुसते सात आकडे, सातवा मायनस. चाळीसपैकी कशाशीच जुळेनात. प्रोजेक्टच्या सरांनी प्रिंटआउटवर सही केली आणि म्हणाले, "एखादा पॅटर्न मोजायचा राहिलाय तुझा. नाहीतर डिलीट कर."

राहिलेला पॅटर्न! हरवलेला एकच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यात गेले. विचारायला, असं आईला सांगितलं, पण खरं म्हणजे भांडायलाच. शेठ म्हणाला, "बेटी, तू खुद देख ले." कटिंगच्या टेबलामागे खिळ्याला बाबांचा कामाचा निळा शर्ट अजून लटकत होता. मेलेल्या माणसाचा कपडा म्हणून कोणी हात लावला नव्हता. नव्या मास्तरनेही नाही. मी म्हटलं, निदान हा तरी घरी नेते, आणि शर्ट काढला.

मागे, त्याच खिळ्याला, पुठ्ठा. वर बाबांच्या अक्षरात – चालू पॉकेट.

शेठने त्या नावावर बोट ठेवून ते वाचलं. "मैंने गलत बोला. भाभीजी को बोलना…"

"तुम्हीच येऊन बोला," मी म्हटलं.

तिथून शेअर रिक्षाने तडक डीटीपीच्या दुकानात. नेहमीसारखा नाव वर ठेवून स्कॅन केला. पहिले सहा आकडे एक्केचाळिसाव्या ओळीच्या अगदी जवळ, फक्त शेवटचे दशांश हललेले. सातवाही तसाच, पण प्लस. मग बाबांची पद्धत आठवली. पुठ्ठा उलटला. नाव खाली, कोरी बाजू वर.

सातही आकडे जुळले. शेवटच्या दशांशापर्यंत, मायनससकट.

हे होऊ शकत नाही. मी पुन्हा स्कॅन केलं – दशांश नेहमीसारखे हलले. आणखी दहा वेळा केलं. तसे आकडे परत कधीच आले नाहीत. आणि सही झालेला प्रिंटआउट माझ्या पिशवीत होता, पुठ्ठा हातात यायच्या आधीचा! प्रोग्राममधली चूक म्हणावं, तर ती चूक मी आजवर शोधतेय. योगायोग म्हणायलाही माझी तयारी आहे, पण सात आकड्यांचा? आणि बाबांनी तर कॉम्प्युटरला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

त्या रविवारी शेठ घरी आला, आईसमोर हात जोडून उभा राहिला. आईने त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, आकडे, ओळ, मायनस. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती बाबांच्या शर्टाची घडी घालत होती.

"पण आई, त्या ओळीतल्या पुठ्ठ्याचं नाव खालीच का आलं?"

"मग वर कसं येईल?" ती म्हणाली. "ते कधी ठेवायचे का तसं?"