मुळी आणताना बोलायचं नसतं

पहिली काठी बापाच्या खांद्यावर बसली. तो बोलला नाही. दुसरी गुडघ्यावर. तरी नाही.

"तोंडात दगड हाय का रं? केबल कुठं हाय सांग!" मळ्याचा मालक ओरडत होता. रात्रीत त्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल गेली होती, आणि सकाळी आम्ही बापलेक त्याच्या बांधावरून येत होतो. बापाच्या हातात पहार, माझ्या ओटीत ओली मुळी. वैदू माणूस, हातात पहार. मग पुरावा कशाला लागतो!

सुप्याच्या माळावर मुळ्या खणायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. आमच्यात रीत आहे. मुळी उपटली की रोग्याच्या हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोललं की गुण जातो. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून बाप मला हे सगळं शिकवत होता.

आणि मुळी होती कुणासाठी? ह्याच मालकाच्या आईसाठी. म्हातारीला कावीळ झाली होती. दवाखाना चालूच होता, तरी तिनं आम्हाला मागल्या दाराला बोलावून सांगितलं होतं, "मुळी आणा, पर पोराला कळू देऊ नगा." गुण येतो की नाही यावर शहाण्यांनी खुशाल वाद घालावा. तिनं बोलावलं होतं, एवढं खरं.

आम्हाला फरफटत अंगणात आणलं. दोन गड्यांनी बापाचे हात पिरगाळून धरले. तिसरा हसत मोबाइलवर शूटिंग करत होता. मालकानं पायातलं पायताण काढून बापाच्या तोंडात कोंबलं.

"आता बोल."

दात पडला. सदरा रक्तानं भरला. बापानं माझ्याकडं बघून फक्त मान हलवली. बोलू नको. मी ओठ चावत उभी राहिले, माझ्याही तोंडात रक्ताची चव आली.

तेवढ्यात म्हातारी ओट्यावर आली. डोळे पिवळेजर्द. तिनं बापाला पाहिलं, माझी ओटी पाहिली. मला वाटलं, आता बोलेल. तिला कुठल्या रितीनं अडवलं होतं? तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

माझं डोकं फिरलं.

"आज्जे! सांग तुझ्या लेकाला, आमाला कुणी बोलावलं! आमी चोर न्हाय! मुळी तुझ्यासाठी आणलीय!"

मालकाचा हात थांबला. मग तीच काठी माझ्या पाठीत बसली. "माझ्या आईला मधी आणती व्हय गं?" मारून मारून ते दमले, तेव्हा आम्हाला सोडलं.

अंगणात पडलेली पहार घेतली आणि बापाला धरून मी घरामागून निघाले. तो पहिल्यांदा बोलला, "बोललीस पोरी. मुळी वाया गेली." अंगावरच्या माराचं त्याला काहीच नव्हतं. ह्याचा मला आजही संताप येतो.

मागलं दार किलकिलं झालं. "पोरी, मुळी तेवढी देऊन जा गं."

मी मुळी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. पहारीनं चेचली, पार चोथा होईपर्यंत.

"मी बोलले म्हणून न्हाय, आज्जे. तू गप बसलीस, तवाच ही वाया गेली."

बापाचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. आता मुळ्या मी खणते. गप राहून आणत नाही. रस्त्यानं मोठ्यानं बोलत येते, पुढच्या दारात उभी राहते, आणि ज्याला औषध हवं त्यानं चारचौघांत सांगावं की हिला मी बोलावलंय. मागल्या दाराची हाक मी ऐकत नाही, मग आतलं माणूस मरणाला टेकलेलं का असेना. आणि कुणी काठी उचललीच, तर पहार माझ्या हातात असते.